चाकाची आतली बाजू

१

आमच्याकडे सोमवार म्हणजे चाकांचा दिवस. शनिवारी-रविवारी हे, म्हणजे माझे यजमान, हौशी लोकांना जीपमध्ये घालून डोंगरामागच्या खडकाळ वाटांवर न्यायचे. दगडांवरून चढायचं, चिखलात रुतायचं, नदीतून गाडी पलीकडे घालायची आणि संध्याकाळी अंग खिळखिळं करून हसत परत यायचं. चांगला रस्ता सोडून वाईट रस्त्याने जायची लोकांना एवढी हौस का, ते मला कधी कळलं नाही. पण आमचं घर त्याच हौसेवर चालत होतं. रविवारी गाडी चिखलाचा गोळा होऊन अंगणात उभी राहायची आणि सोमवारी कामं आटोपली की मी बादली, जुना टूथब्रश आणि फडक्यांचा गठ्ठा घेऊन तिच्यापुढे बसायची.

गाडीतलं बाकी सगळं यांचं. इंजिनाला मी हात लावलेला खपायचा नाही, किल्ली तर माझ्या हातात कधी आलीच नाही. चाकं मात्र माझी. कंपनीतून गाडीबरोबर आलेली, अ‍ॅल्युमिनियमची, सहा जाड आऱ्यांची. खाली चार आणि मागच्या दारावर टांगलेलं एक जादा. नवी होती तेव्हा त्यांच्यावर पारदर्शक लॅकरचा थर होता. दगडांनी तो सोलवटला, खाली पाणी शिरून पांढरे डाग पडले, तेव्हा मी तो थर पार काढून टाकला आणि ओल्या सँडपेपरने सगळी चाकं उघडी केली. तेव्हापासून पॉलिशची क्रीम लावून घासायची, घासत राहायची.

उघडं अ‍ॅल्युमिनियम घासलं की फडकं काळं होतं. चाक कितीही स्वच्छ असलं तरी होतंच. तो मळ नसतो, धातूच जरा जरा निघत असतो. आधी फडकं काजळीसारखं होतं आणि मग त्या काळ्याखालून चमक वर येते. माझी बोटं मंगळवारीही काळी असायची. सासूबाई म्हणायच्या, "तुझे हात बघून लोकांना वाटेल, आम्ही सुनेला कोळशाच्या खाणीत पाठवतो."

त्या आठवड्यात गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या फेरीसाठी वाट बघून येतो म्हणून हे एकटेच गेले, आणि रविवारी आलेच नाहीत. सोमवारी दुपारी आले. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला, नदी एकदम चढली, पाणी उतरेपर्यंत पलीकडे थांबावं लागलं, एवढंच सांगितलं. गाडीवर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"नदीने धुऊन दिली वाटतं," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले आणि हसले.

सवयीने मी पुढच्या चाकापाशी बसले. क्रीम लावली, घासलं. चमक होतीच, ती आणखी वाढली. फडकं उलटून पाहिलं तर पांढरं. दुसरं घेतलं. तेही पांढरंच राहिलं.

२

मी काही लगेच घाबरून गेले नाही. उलट मला राग आला. फडकं काळं होत नाही याचा अर्थ मधे लॅकर आहे, आणि लॅकर आहे याचा अर्थ ही माझी चाकं नव्हेत. यांनी चाकं बदलली होती आणि मला सांगितलं नव्हतं.

मग डोकं चालायला लागलं. बदलली तर का? कुठे आपटले का, आणि आता लपवतायत? की रविवारी नदीवर नव्हतेच मुळी, दुसरीकडेच कुठे होते? दुसरी कोणी असेल हाही विचार मनात येऊन गेला, पण दुसरी असलीच तर ती यांची चाकं घासत कशाला बसेल, असं वाटून माझं मलाच हसू आलं.

चाकं आपली आहेत की नाहीत हे ओळखायची एक साधी खूण होती. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, एका आऱ्यावर, दगडाचा जुना ओरखडा होता. मी तो घासून घासून बोथट केला होता, पण पुरता गेला नव्हता. दर वेळी तिथे आले की नख अडकायचं. डोळे मिटूनही मला तो आरा सापडला असता.

मी वाकून बघितलं. ओरखडा होता. त्याच आऱ्यावर, तेवढाच, शेवटी जरासा वळलेला. म्हणजे चाक माझंच. मला हायसं वाटलं आणि यांच्यावर उगाच संशय घेतल्याची लाजही वाटली. सवयीने मी त्याच्यावरून नख फिरवलं.

नख अडकलं नाही. पुन्हा फिरवलं, अंगठ्याने चाचपून पाहिलं. ओरखडा डोळ्यांना दिसत होता, बोटाला तिथे काचेसारखं गुळगुळीत लागत होतं. कागदावर चितारलेल्या खड्ड्यावरून हात फिरवावा तसं.

"अहो," मी हाक मारली, "चाकं बदललीत का?"

हे पायरीवर बसले होते. "नाही. का?"

"फडकं काळं होत नाही."

एरवी गाडीबद्दल कोणी असं बोललं असतं तर हे उसळले असते. तुला काय कळतंय, इथून सुरुवात होऊन घरातल्या प्रत्येकाचा उद्धार झाला असता. त्या दिवशी यांनी मान जरा कलती केली. मी काय म्हणाले ते नीट समजून घेत असावेत तशी.

"काळं व्हायला हवं का?" यांनी विचारलं.

३

पुढचे दिवस घरात इतके चांगले गेले की तक्रार कोणाकडे करायची तेच मला समजेना.

हे ओरडत नव्हते. जेवताना मीठ कमी पडलं तर उठून स्वतः घेत. घोरणं बंद झालं होतं. सासूबाईंची तीच ती गोष्ट, त्यांच्या लहानपणी हरवलेल्या म्हशीची, शेवटपर्यंत ऐकून घेत आणि नेमक्या ठिकाणी "मग?" म्हणत. त्या गोष्टीचा शेवट आमच्या घरात याआधी कोणीच ऐकला नव्हता.

"म्हैस सापडली होती होय?" मी विचारलं.

"सापडली तर," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकायला वेळ कुठे होता?" त्या खुशीत होत्या. दुपारची झोप सोडून लेकाजवळ बसून राहायच्या. त्याच्या हातावर हात ठेवून, काही न बोलता.

मी मात्र बघत होते. बघायला लागलं की काय नाही दिसत? यांचा चहाचा कप रिकामा व्हायचा, पण पिताना घोटाचा आवाज मी ऐकला नव्हता. रोज अंघोळ करायचे, टॉवेल कोरडाच असायचा. प्रत्येक गोष्टीचं काहीतरी कारण काढता येत होतं आणि मी ते काढत होते. पाण्यात अडकून पडलेला माणूस, एक रात्र एकटा काठावर बसलेला. जिवावरचं संकट टळलं की माणसं बदलतात म्हणतात. मऊ होतात. तसंच असेल. मला सुख टोचतंय, दुसरं काय?

यांच्या हातावर, कोपराखाली, सायलेन्सरला भाजल्याचा जुना व्रण होता. आवळलेल्या कातडीचा उंचवटा. एका दुपारी कप घेताना मी मुद्दाम तिथे बोट लावलं. डोळ्यांना तो उंचवटा दिसत होता. बोट सपाट जागेवरून सरकून गेलं.

हे माझ्याकडे बघून हसले. रागावले नाहीत.

आणि मग कपडे वाळत घालता घालता माझ्या डोक्यात आलं की सोमवारपासून मी यांची पाठ पाहिलेली नाही.

हे आठवून पाहायला मी दोरीला धरून उभी राहिले. बसताना भिंतीला टेकून बसत. झोपताना उताणे. खोलीतून निघताना आमच्याशी बोलत बोलत, मागे सरकत, दारातून बाहेर. मला ते प्रेमाचं लक्षण वाटलं होतं. घरातल्या माणसांवरून नजर हलत नाही म्हणून मी मनात सुखावलेसुद्धा होते.

४

माझ्या धाकट्या भावाचं टायरचं दुकान आहे. गाडी चालवायला मी लग्नाआधीच शिकले होते. गाडी त्याच्याकडे न्यावी असं मी ठरवलं आणि भीतभीतच यांच्याकडे किल्ली मागितली.

"ने की," हे म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. ती थंड होती. दिवसभर खिशात असून थंड होती.

भावाने गाडी बघून शिट्टी वाजवली. "ताई, तू ही चाकं घासतेस की चाटतेस?"

"गंमत पुरे. काढून बघ जरा. काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय?"

"ते तू सांग."

त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं, नट सोडवले आणि चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं. कुठलंही चाक फिरवलं की कुठेतरी जड निघतं, मग त्याच्या समोरच्या कडेला शिशाचा तुकडा लावून ते जुळवायचं असतं. नव्या कोऱ्या चाकालाही लावावा लागतो. मशीन थांबलं तरी भाऊ पडद्याकडे बघत राहिला. मशीन बंद-चालू करून त्याने चाक पुन्हा फिरवलं.

"शून्य," तो म्हणाला. "दोन्ही कडांना शून्य. असं नसतं गं." तो खूश झाला होता, एखादी दुर्मिळ वस्तू हाती लागावी तसा. त्याने दुसरं चाक काढलं, तिसरं काढलं. प्रत्येक वेळी तेच. तिसऱ्यानंतर त्याची खुशी उतरली.

मग त्याने एक चाक मशीनवरून काढून जमिनीवर पालथं टाकलं आणि खाली बसला.

चाकाच्या आतल्या बाजूला, जी गाडीच्या पोटाकडे असते तिथे, साच्याच्या रेषा असतात, कंपनीचा ठसा असतो, मापाचे आकडे असतात. ब्रेकची काळी धूळ बसलेली असते. तिथे मी कधी घासत नसे, कोणाला दिसतंय म्हणून? या चाकाला आतून काहीच नव्हतं. ठसा नाही, आकडे नाहीत, आऱ्यांच्या मागचे खळगेसुद्धा नाहीत. सपाट चकचकीत धातू, आणि त्यात दुकानाचं छत दिसत होतं. टायरच्या बाहेरच्या अंगावर सगळी अक्षरं होती. आतलं अंग कोरं होतं.

"हे कोणी बनवलंय?" भाऊ हळूच म्हणाला. "नुसतं समोरून बघून कोणीतरी बनवल्यासारखं आहे."

मी गाडीकडे बघितलं.

"गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघू का?" त्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आतच म्हणाला, "नको. राहू दे." त्याने चाकं परत चढवली. नट आवळताना तो गाडीपासून शक्य तेवढा लांब उभा होता. "भावोजी बरे आहेत ना?" त्याने विचारलं.

"खूप बरे आहेत," मी म्हटलं.

५

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी गाडीच्या मागच्या दारावरचं जादा चाक घासायला घेतलं. घासायची गरज नव्हती. पण मला हाताला काम हवं होतं, आणि गाडीपासून लांब राहिलं की ती माझ्या पाठीमागे आहे असं वाटायचं. त्यापेक्षा समोर बरी.

ते चाक छातीच्या उंचीवर येतं. मधल्या गोल झाकणात अख्खं अंगण दिसतं: घराचं दार, पायऱ्या, दोरीवरचे कपडे, मी. सगळं जरा फुगीर, कडेला वाकलेलं. मी पायरीवरचं दुसरं फडकं घ्यायला गेले. वळले तर हे चाकापाशी येऊन उभे होते, माझ्याकडे तोंड करून, चाकाच्या अगदी जवळ, किंचित एका बाजूला. निळा शर्ट होता. तो मीच सकाळी काढून दिला होता.

"दमलीस," हे म्हणाले. "ठेव आता."

मी त्यांच्या खांद्याशेजारून चाकात बघितलं.

गोल धातूत सगळं वाकडं दिसतं हे मला माहीत आहे. इतकी वर्षं मी स्वतःला त्यात वाकडी बघत आले आहे. पण वाकडं झालं तरी रंग बदलत नाहीत. पायऱ्या लाल दिसत होत्या. माझा हिरवा कपडा हिरवा होता. त्यांच्या पाठीच्या जागी निळं काहीच नव्हतं. चाकासारखंच राखाडी चकचकीत काहीतरी उभं होतं, माणसाच्या उंचीचं, आणि त्यात चाक दिसत होतं. त्या चाकात पुन्हा ते. पुढचं बघायला मी थांबले नाही.

"काय बघतेस?"

"डाग राहिलाय," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"राहू दे."

तो मागे मागे सरकत पायऱ्या चढला. कपाटाचं एक टोक उचललेला माणूस चढतो तसा, चाचपत, माझ्याकडे बघत. मी त्याला आता 'हे' म्हणत नाही, ते त्या दुपारपासून.

६

मी भावाला म्हटलं, नदीवर चल. त्याने का, कशाला विचारलं नाही. त्याने दुकान बंद केलं, मालाची गाडी काढली, आणि आम्ही नदीवर गेलो.

डोंगर उतरल्यावर नदी पसरट होते, तिथे गाड्या पाण्यातून पलीकडे जातात. पाणी घोट्याएवढं होतं, ऊन पडून चकाकत होतं. असल्या पाण्यात कोणाचं काय होणार, असं वाटावं. पण झुडपांना उंचावर गवताचे पुंजके अडकले होते. पाणी तिथवर चढून गेलं होतं.

त्या रेषेच्या वरच्या सुकलेल्या चिखलात जीपच्या टायरच्या खुणा होत्या. भाऊ त्यांच्या बाजूने चालत गेला आणि परत आला.

"जातानाच्या आहेत," तो म्हणाला. "परत आल्याच्या नाहीत."

"दुसरीकडून वर आले असतील."

"दुसरीकडे कडा आहे, ताई."

त्या उथळ जागेच्या खालच्या अंगाला नदी वळते आणि तिथे डोह आहे. पाणी हिरवं, तळ न दिसणारं. भावाने गाडीला दोर बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि पाण्यात उतरला. छातीपर्यंत गेला. पायाने चाचपत होता. मग थांबला आणि बुडी मारली. वर आला तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, दोर घट्ट आहे का ते पाहिलं.

"चाक आहे," तो म्हणाला. "वरच्या अंगाला आहे. गाडी उलटी आहे."

"पुढचं की मागचं?"

"पुढचं वाटतंय. ताई, तू वर जाऊन बस."

"आऱ्यांवरून नख फिरवून बघ. सगळ्या आऱ्यांवरून."

त्याला ते वेड्यासारखं वाटलं असणार. तरी तो पुन्हा खाली गेला. पाण्यावर वर्तुळं पसरत राहिली. काठावरच्या दगडाला धरून मी बसले होते आणि मनात म्हणत होते, गुळगुळीत लागू दे, देवा, गुळगुळीत लागू दे. भाऊ वर आला. दम खाल्ला.

"एके ठिकाणी अडकतंय," तो म्हणाला.

मी पाण्यात उतरायला निघाले तर त्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. तिसऱ्यांदा तो एकटाच गेला, आणि या वेळी पटकन वर आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने काय पाहिलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि त्याने अजून सांगितलेलं नाही.

"चौकीवर जायला हवं," एवढंच म्हणाला.

७

"मला आधी घरी सोड," मी त्याला सांगितलं. "सासूबाईंना हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. तू चौकीवर जा आणि त्यांना घेऊन ये."

अंगणात जीप उभी होती. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. माझ्या कपड्यांना लागलेला काठावरचा चिखल त्यांनी पाहिला. मी कसं सांगावं ते जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"सापडला?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पोटचं पोर आहे. मला पहिल्या दिवशी कळलं. उंबऱ्यातून आत आला तेव्हाच." त्या शांतपणे बोलत होत्या. "त्याच्या हाताला धरून बसायची ना मी, ते त्याचं अंग गरम होतं का बघायला. रोज वाटायचं, आज होईल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हाही गेला असता."

मी त्यांच्या बाजूने आत गेले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण डोहात बघून आल्यावर भीतीला मनात फारशी जागा उरली नव्हती. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, खुर्ची भिंतीला लावून. तिघांसाठी पाण्याचे पेले भरून ठेवले होते.

एवढ्या वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला कधी एकेरीत बोलले नव्हते. त्या तोंडाकडे बघत ते पहिल्यांदा जिभेवर आलं.

"तू कोण आहेस?"

तो विचारात पडला. उत्तर टाळत नव्हता, शोधत होता. सासूबाईंना 'मग?' म्हणायचा तेव्हा असायचं तसंच सगळं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तो म्हणाला, घरी वाट बघत असतील," त्याने सांगितलं. थोडं थांबून म्हणाला, "शेवटी सारखं तेच म्हणत होता."

माझ्या नवऱ्याने उशीर होणार असला तरी कधी कळवलं नव्हतं. कोणी वाट बघतं हे त्यांच्या गावीही नसेल असंच मी धरून चालले होते. मी टेबलाच्या कडेला धरून उभी राहिले आणि रडले. नवरा गेल्याचं रडू होतं ते, आणि ते ऐकायला समोर हा बसला होता, नवऱ्याच्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत. त्याने मला थांबवलं नाही. मी थांबेपर्यंत वाट बघितली.

बाहेर भावाच्या गाडीचा आवाज आला, तिच्यामागे आणखी एका गाडीचा. सासूबाई लगबगीने आत आल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली.

"त्यांना सांग, सगळे घरात आहेत," त्या म्हणाल्या. "सांग, चूक झाली. सांग ना, बाई."

"आई, यांना डोहातून बाहेर काढायचंय."

"काढून काय मिळणार आहे तुला?"

"ते पाण्यात उलटे पडून आहेत, आई."

त्यांनी माझा हात धरला. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. दारावर थाप पडली. भावाने मला हाक मारली. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि कडी काढली.

दारात भाऊ होता, त्याच्यामागे चौकीवरचे दोघे. "काय झालंय?" त्यातल्या वयस्कर हवालदाराने विचारलं.

"माझे यजमान गेले," मी म्हणाले. "नदीत बुडाले. डोहात आहेत."

मागे स्वयंपाकघरात खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला. तेवढाच. मी वळून पाहिलं तेव्हा भिंतीला टेकलेली खुर्ची होती आणि तीन पेले होते. मागचं दार आतून बंद होतं. अंगणात जीप नव्हती, ती उभी होती तेवढी जागा ओली होती. भाऊ तिकडे बघत राहिला. हवालदाराने काही पाहिलं नसावं, कारण त्याने काहीच विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत त्यांनी यांना बाहेर काढलं. ओळखायला मी गेले. बाकीचं रीतसर झालं.

भाऊ म्हणतो, त्याच्याकडे येऊन राहा. पण सासूबाई घर सोडायला तयार नाहीत आणि त्यांना एकटं टाकून मला जाववत नाही. आम्ही दोघी एका छपराखाली राहतो. स्वयंपाक मी करते, त्या जेवतात, ताट धुऊन ठेवतात. माझ्याशी बोलत नाहीत. अगदीच राहवलं नाही तेव्हा एकदा मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, माझाही नवरा गेलाय, आई, मी काय परकी आहे?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"तुझा एकदाच गेला," त्या म्हणाल्या. "माझा दोनदा."